मोबदला : शून्य

प्रिंटरमधून निघालेला गरम कागद टायपिंगवाल्याने आत्याच्या हातात दिला. तिने चष्मा नाकावर खाली ओढला आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत, ओठ हलवत वाचायला लागली. ‘लिहून देणार यांचे लिहून घेणार यांच्यावर नैसर्गिक प्रेम व माया असल्याने, कोणताही मोबदला न घेता, सदर मिळकत कायमस्वरूपी बक्षीस दिली असे.’ तिथे बोट थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “नैसर्गिक म्हणजे काय गं? अनैसर्गिकपण असतं का प्रेम?”

टायपिंगवाला हसला. “फॉरमॅट आहे आजी. सगळ्यांचं असंच असतं.”

दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली हे चाललं होतं. आत्या राहतं घर मुलाच्या नावावर करत होती आणि मी साक्षीदार म्हणून गेले होते. टोकनचा नंबर यायला वेळ होता, त्यामुळे त्या फॉरमॅटवर विचार करायला सवड मिळाली. पुढे घरी आल्यावरही मी त्याच्या मागेच लागले. आता माझं मत पक्कं झालंय. हे वाक्य दिसायला गोड आहे, पण ते देणाऱ्याच्या विरुद्ध काम करतं. साठी ओलांडलेल्या माणसाने घर नावावर करून देताना प्रेम लिहायचं तर खुशाल लिहावं, पण ‘मला सांभाळलं पाहिजे’ ही अट लिहिल्याशिवाय सही करू नये. आणि ही आठवण त्याला कचेरीने करून द्यावी, टायपिंगवाल्याच्या मर्जीवर सोडू नये.

मुळात वाक्य आपलं नाही. इंग्रजी दस्तांत ‘नॅचरल लव्ह अँड अफेक्शन’ असे ठरीव शब्द असतात, त्यांचा हा मराठी अवतार. तेव्हा आधी त्या ‘लव्ह’ची जरा चौकशी करू.

टेनिसमध्ये लव्ह म्हणजे शून्य. फ्रेंच लोक शून्याला अंडं म्हणत आणि त्या फ्रेंच शब्दाचं इंग्रजांनी लव्ह केलं, ही गोष्ट सांगायला छान आहे, पण कोशकारांना ती फारशी पटलेली नाही. त्यांना जवळची वाटते ती साधी व्युत्पत्ती. इंग्रजीत ‘प्रेमासाठी खेळणं’ म्हणजे पैसे न लावता खेळणं. खिशात काही येणार नाही, जाणार नाही. म्हणजे प्रेम आणि फुकट हे दोन अर्थ त्या शब्दात जुन्या काळापासून शेजारीशेजारी राहतात. आत्याचा दस्त नोंदवून झाल्यावर जी सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, हातात आली, तिच्यात एक ओळ होती, ‘मोबदला : ०’. खाली बाजारभावाची ओळ, तिथे मात्र सात आकडी रक्कम. टेनिसचा पंच ज्या अर्थाने लव्ह पुकारतो, अगदी त्याच अर्थाने तिथे ते शून्य बसलं होतं.

इंग्लंडमध्ये प्रेम कोर्टात कधी शिरलं हे बघायला गेलं की मजा येते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्रीच्या काळात, तिथले कायदे लॅटिनमध्ये संकलित झाले. त्यात एक वचन आहे, ज्याचा आशय असा की करार कायद्याला जिंकतो आणि प्रेम निवाड्याला. हे प्रेम म्हणजे समेट. मध्ययुगीन इंग्लंडात कोर्टाबाहेर भांडण मिटवायला दिवस नेमून देत, त्याला ‘लव्ह-डे’ म्हणत. आपल्याकडच्या गोतसभेला, म्हणजे गावकी-भावकीच्या न्यायसभेला, किंवा अलीकडच्या तंटामुक्त गाव मोहिमेला फार लांबची नसलेली ही गोष्ट. त्या काळी प्रेमाने मिटवणं याला वजन होतं, कारण त्यात दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडावं लागे.

पुढे हे वजन उतरत गेलं. १५६५ साली शॅरिंग्टन विरुद्ध स्ट्रॉटन हा खटला झाला. एका जमीनदाराने घराणं टिकावं आणि भावावर माया आहे म्हणून जमिनीचा हक्क भावाकडे जाईल असा कागद केला होता. पैसे घेतले नव्हते. नुसत्या बंधुप्रेमावर असा कागद उभा राहतो का, हा प्रश्न होता. कोर्ट म्हणालं, राहतो. पण दोनशे वर्षांनी ब्लॅकस्टोनने इंग्लंडच्या कायद्यावर आपला मोठा ग्रंथ लिहिला तोवर या प्रेमाची पायरी ठरून गेली होती. मोबदला दोन तऱ्हेचा, एक ‘चांगला’ आणि एक ‘मोलाचा’. रक्ताचं नातं, स्वाभाविक प्रेम आणि जिव्हाळा हा चांगला. पैसा आणि लग्न हा मोलाचा. चांगल्या मोबदल्यावर दिलेली इस्टेट सावकाराने आव्हान दिलं तर टिकेलच असं नाही. मोलाच्या मोबदल्यावर प्रामाणिकपणे घेतलेली टिकते. म्हणजे प्रेम चांगलं, पण त्याला किंमत नाही, हे इंग्रजी कायद्याने किती सभ्य शब्दांत सांगून ठेवलंय बघा!

हाच शब्द १८७२च्या करार कायद्यातून आपल्याकडे आला. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल, असं सांगणारं कलम २५ आणि त्याला पहिला अपवाद हाच. जवळच्या नात्यातल्या माणसांनी स्वाभाविक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी करून केलेला करार चालतो. पूर्ण झालेल्या बक्षिसाला या कलमाची गरजसुद्धा नसते. ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येतं, आणि तिथे ‘स्वेच्छेने व मोबदल्याशिवाय’ एवढं पुरतं. तरीही शब्द बक्षीसपत्रात जाऊन बसले ते बसलेच. सवय लागली की अशी लागते.

पण कोर्टाने प्रेम मोजायचं म्हणजे काय होतं? याची दोन उदाहरणं कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, आणि मला वाटतं पाठ करून विसरतो.

पहिलं १८९९चं, मुंबई उच्च न्यायालयातलं, भिवा विरुद्ध शिवराम. दोघे भाऊ. भिवाने वाटणी मागितली. शिवरामने शपथेवर सांगितलं की मिळकत वाटणीची नाही. दावा फेटाळला गेला. नंतर शिवरामने नोंदणीकृत कागद करून त्याच मिळकतीतला निम्मा हिस्सा भावाला द्यायचं कबूल केलं. मग तेही पाळलं नाही. भिवा पुन्हा कोर्टात. कोर्टाने म्हटलं, भावाशी पुन्हा गोडी व्हावी म्हणून शिवराम मिळकत द्यायला तयार झाला, म्हणजे त्याच्या मनात भावाबद्दल स्वाभाविक प्रेम होतंच. करार टिकला.

दुसरं एका वर्षानंतरचं, कलकत्त्याचं. राजलखी देवी आणि भूतनाथ मुखर्जी, नवराबायको. दोघांची भांडणं विकोपाला गेली. नवऱ्याने नोंदणी करून लिहून दिलं की तिला वेगळं राहायला आणि खायला अमुक पैसे देईन. त्या कागदात त्याने भांडणांचा उल्लेख केला होता. पैसे मिळेनात म्हणून ती कोर्टात गेली. कोर्टाने कागद वाचला आणि म्हटलं, यात प्रेमाचा मागमूस नाही. करार रद्दबातल.

दोन्हीकडे भांडण होतं. एकीकडे भांडणानंतरचा कागद हा प्रेमाचा पुरावा ठरला, दुसरीकडे प्रेम नसल्याचा. जमीन मागणाऱ्या भावाच्या बाबतीत कोर्टाचं मन द्रवलं, पोटाला मागणाऱ्या बायकोच्या बाबतीत नाही. मी वकील नाही, त्यामुळे दोन निकालांतला बारीक कायदेशीर फरक कुणी समजावून दिला तर ऐकून घेईन. पण एक गोष्ट वकील नसलेल्यालाही दिसते. भूतनाथबाबूंच्या कागदात घरातलं खरं लिहिलं होतं, आणि खरं लिहिलेलं राजलखीला नडलं. मग कोण कशाला खरं लिहील? शेडखालच्या टायपिंगवाल्यापर्यंत शहाणपण पोचलंय ते हेच. कागदात घरातलं काही लिहू नये. प्रेम लिहावं.

इंग्रजी भाषेलासुद्धा या शब्दाच्या पोकळपणाची काळजी एकदा वाटली होती. विल्यम टिंडलने १५२६ साली बायबलचा नवा करार इंग्रजीत छापला, त्यात त्याने ‘लव्ह’ हा शब्द घातला. थॉमस मोर हा कट्टर कॅथलिक पंडित त्यावर उखडला. त्याचं म्हणणं, जुना शब्द ‘चॅरिटी’ हा एका ठरावीक, सद्गुणी प्रेमाचा आहे, आणि लव्ह काय, कशालाही म्हणतात. १६११च्या राजमान्य भाषांतरात करिंथकरांच्या पत्रातल्या, प्रेमाची थोरवी सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध अध्यायात पुन्हा चॅरिटी आली, १८८१मध्ये पुन्हा लव्ह. एव्हाना चॅरिटीचा अर्थ भिकाऱ्याच्या वाटीत पडणारं नाणं एवढाच उरला होता. टिंडलचं भाषांतर मला जवळचं वाटतं. पण मोरच्या शंकेत तथ्य होतं. ज्या शब्दात सगळं मावतं, त्या शब्दावर कुणाला काही मागता येत नाही.

आता आपल्या बाजूला येऊ. इंग्रजी लव्ह, जर्मन लीब, रशियन ल्युबोफ, सगळे एका मुळाचे, आणि त्याच मुळाचा संस्कृत धातू लुभ्. म्हणजे लव्हचा मराठीतला सख्खा भाऊ प्रेम नव्हे, प्रीतीही नव्हे, तर लोभ. षड्रिपूंमधला तिसरा! भाऊ एकाच घरातले, पण तिकडचा कवींच्या ओटीत वाढला आणि इकडच्याला कीर्तनकारांनी झोडपलं.

तरी मराठीने त्याला पूर्ण वाईट ठरवलं नाही. लोभस बाळ म्हणताना कुणाच्या मनात रिपू येत नाही. आणि पत्राच्या शेवटी आजोबांची पिढी लिहायची, ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.’ मला हे वाक्य ‘नैसर्गिक प्रेम व माया’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं. त्यात मागणं आहे. माझ्यावर लोभ असू द्या, म्हणजे मला विसरू नका, अडलंनडलं तर बघा, लग्नकार्याला बोलवा. देणाऱ्याला काहीतरी हवंय आणि तो ते लाजत नाही.

माया हा शब्द तर त्याहून पुढचा. आईची माया असते, आणि वरकमाई करणाऱ्या माणसानेही ‘बरीच माया जमवली’ असते. आत्याचं आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलं. तिच्या धंद्यात मायेला तिसरा अर्थ आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ते माया. अंगात भरलं की उसवून तेवढं सैल करता यावं म्हणून. गिऱ्हाइकाला ती बाहेरून दिसत नाही, पण माया न ठेवता कापणाऱ्या शिंप्याकडे बाई दुसऱ्यांदा जात नाही. म्हणजे पुढची गरज आधी ओळखून ठेवलेली जागा, हा अर्थ या शब्दात आधीच आहे. दस्तात मात्र माया लिहून नेमकी ही जागाच कापून टाकतात.

कापतात म्हणजे काय ते सांगते. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यातलं कलम २३ म्हाताऱ्या माणसाला एक दार उघडं ठेवतं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतं. कायदा चांगला आहे. पण त्यात ‘अटीवर’ हा शब्द आहे, आणि फॉरमॅटमध्ये तो नाही. फॉरमॅटमध्ये आहे ते उलट : प्रेमापोटी, मोबदल्याशिवाय, कायमस्वरूपी.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये एका प्रकरणात हेच बोट दाखवलं. जवळच्या माणसाला दिलेल्या मालमत्तेबरोबर सांभाळण्याची अट असतेच असं नाही, पुष्कळदा लोक कसलीही अपेक्षा न ठेवता प्रेमाने देतात, तेव्हा अट होती हे दाखवावं लागेल, असा त्याचा सारांश. वाचताना मला टायपिंगवाल्याचा आवाज ऐकू आला. प्रेम लिहिलंय ना, मग अपेक्षा नव्हती! लाभाविण प्रीती ही आईच्या थोरवीची खूण, ती इथे आईच्याच दाव्यातली अडचण होऊन बसते.

मग २ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल दिला आणि कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या भल्याच्या दृष्टीने सैल हाताने लावावा असं म्हटलं. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो निकाल नीट वाचला तर दिसतं की त्या आईकडे मुलाचं वचनपत्र होतं, बक्षीसपत्राच्याच दिवशीचं. मरेपर्यंत सांभाळीन, न सांभाळलं तर आईने बक्षीस परत घ्यावं, अशा आशयाचं. त्या कागदाचं नाव घेऊन न्यायालयाने निकाल दिला. नुसत्या मायेवर ती जिंकली असं मला तरी म्हणवत नाही.

यावर घरोघरी एकच उत्तर मिळतं, प्रेमात अट कसली? मुलावर विश्वास नाही का? माझा प्रश्न उलटा आहे. प्रेमात अट नसते तर दस्त कशाला? घर मुलाचंच आहे, तो राहतोच आहे, सातबारा नाहीतर मिळकत पत्रिकेवर नाव बदलण्याची घाई कुणाला आहे? नाव लावायचं म्हटलं की आपण भावनेतून कायद्याच्या हद्दीत आलो. तिथे एकाने सगळं लिहून द्यायचं आणि दुसऱ्याने काहीच लिहून द्यायचं नाही, आणि या एकतर्फी व्यवहाराला प्रेम म्हणायचं, ही लबाडी आहे. बहुतेक घरांत ती कुणी मुद्दाम करत नाही हे मान्य. फॉरमॅट करतो.

शिवाय सरकार स्वतः प्रेमाला अटी घालतंच की. महाराष्ट्रात २०१५च्या दुरुस्तीने राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये केलं. अधिभार वगैरे वेगळा. भाऊ-बहीण या यादीत नाहीत. आई-बापही नाहीत. म्हणजे आईने मुलाला घर दिलं तर दोनशे रुपये, मुलाने आईला दिलं तर बाजारभावावर टक्केवारी. १५६५च्या त्या इंग्रज जमीनदाराचं बंधुप्रेम आपल्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांपुढे सवलतीला पात्र ठरलं नसतं. प्रेम कुणाचं, कुणावर, किती टक्के, हे सगळं छापील आहे. फक्त म्हाताऱ्या बाईने एक अट घातली की ती व्यवहारी.

एका आक्षेपाला मात्र मी टाळणार नाही. हा २००७चा कायदा कधीकधी सुनेला घराबाहेर काढायला वापरतात. मुलाशी संगनमत करून सासू-सासरे अर्ज करतात आणि सून रस्त्यावर. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका प्रकरणात सांगितलं की ज्येष्ठांचा कायदा पुढे करून कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीला मिळालेला राहण्याचा हक्क पुसता येणार नाही. हे व्हायलाच हवं होतं. पण यातूनही मला हेच दिसतं की अट मोघम असली की तिचा गैरवापर होतो. कोणती खोली, कुणाची औषधं, दरमहा किती रक्कम, हे स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते सुनेच्याही सोयीचं आहे. तिला निदान कळेल तरी की नवऱ्याने कबूल काय केलंय, कारण करायचं बहुधा तिलाच असतं.

नोंदणी खात्याने काय करावं? फार नाही. कबुलीच्या वेळी दस्त तुम्हीच करून दिलाय ना, असं अधिकारी विचारतातच. देणार साठीच्या पुढचा असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा, सांभाळण्याची अट आहे का? आणि सूची क्रमांक दोनमध्ये मोबदला आणि बाजारभाव यांच्या मधोमध एक ओळ वाढवावी, ‘अट’. ‘नाही’ असं लिहायचं असेल तर ते देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावं. इतकं झालं तरी शेडखालचे फॉरमॅट वर्षभरात बदलतील, कारण टायपिंगवाले कचेरीपेक्षा चपळ असतात.

आत्याच्या बाबतीत हे सगळं आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. तिलाच काय वाटलं कोण जाणे. तिने कागद घडी न घालता परत टायपिंगवाल्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “यात घाला, मी आहे तोवर पुढची खोली माझी. मशीन तिथेच राहील. आणि दवाखान्याचं यानं बघायचं.”

दादा ओशाळला. “आई, असं लिहितात का कुठे? लोक काय म्हणतील?”

“लोक कशाला वाचतायत? तू वाच.”

टायपिंगवाल्याने कुरकुर केली, पानं वाढतील म्हणाला, पुन्हा पैसे पडतील म्हणाला. मग टाइप करून दिलं. नंबर आला तेव्हा यंत्रावर तिचा अंगठा काही उमटेना, इतक्या वर्षांच्या सुई-कात्रीने झिजलेला. ऑपरेटर म्हणाला, “आजी, केसांवरून फिरवा एकदा.” तिने तेल लावलेल्या केसांवरून अंगठा फिरवला, दुसऱ्या खेपेला उमटला.

त्याआधी बाहेर शेडमध्ये टायपिंगवाल्याने एक शंका काढली होती. अट घातलीच आहे, तर वरचं ते प्रेम व मायेचं वाक्य काढून टाकू का, एक ओळ वाचेल. आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

“राहू दे की. तेपण आहेच.”